फोटो माझा, विक्री दुसऱ्याची

मित्रांनो, ही गोष्ट २०२३ सालची. मी एक जुना लोखंडी तवा आहे, सोलापूरच्या बसव्वाचा. आधीच सांगून ठेवतो, माझा राग अजून निवलेला नाही.

लोहाराने मला ठोकून घडवले. बसव्वाने नव्या संसारात मला गड्ड्याच्या जत्रेतून आणले. तेव्हापासून माझ्यावर ज्वारीच्या भाकरी टम्म फुगल्या, पातळ थापलेल्या कडक भाकरी पापडासारख्या वाजल्या. पाहुणे भाकरीला नावाजत. मला तेवढे पुरे होते. काय दिवस होते ते!

बसव्वाची सून दानेश्वरी हिने 'बसव्वाची भाकरी' नावाची वेबसाइट काढली. रीत साधी होती. आपण वापरलेल्या वस्तूबद्दल खरे लिहायचे, खाली ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची. वाचणाऱ्याने तिथून वस्तू घेतली की दुकान आपल्याला कमिशन देते. तसे कमिशन मिळते, हेही तिने पानावर स्पष्ट लिहिले होते. लाकडी काटवट, पितळी परात, अशा दोन-चारच लिंका. बसव्वाच्या नावावर माणसे विश्वास ठेवत.

पण दानेश्वरीचा नवरा राजशेखर याला कमाईची घाई झाली. नॉनस्टिक कोटिंगच्या तव्यावर कमिशन जास्त, म्हणून त्याने त्याची लिंक टाकली. वर फोटो माझा! खाली लिहिले, 'बसव्वा हाच तवा वापरतात.' कमिशनची ओळ पुसली. दानेश्वरीने पाहिले, पण ते तसेच राहू दिले. मी चुलीवर नसतानाही तापलो.

महिन्याभरात मंगळवेढ्याहून बसव्वाची धाकटी बहीण नागव्वा एसटीने आली. एका दुकानदाराला कडक भाकरी विकून तिचे घर चालत होते. तिने पिशवीतून कोटिंग सोललेला तवा काढून आदळला.

"अक्का, तुज्या नावावर घेतला की गं! भाकरीत काळं पापुद्रं निगालं. दुकानदारानं समदा माल परत केला."

"ह्यो तवा? मी डोळ्यानं बी बगितला न्हाय!" बसव्वा म्हणाली.

राजशेखर पुढे आला. "मावशी, त्याला आच मंद ठेवायची असते."

"मंद आचेवर कडक भाकरी? कच्ची खाऊन वाडलास व्हय रं?"

"दानेश्वरी," बसव्वा सुनेकडे वळली, "माजं नाव काड तितनं. आत्ताच."

"अगं, गुगलवर आत्ता कुठं वर आलोय आपण!" राजशेखर ओरडला.

"खाली जाऊ दे," दानेश्वरी म्हणाली आणि तिने मोबाइल उचलला. लिंक काढली. जिथे खोटे लिहिले होते, तिथेच माफी लिहिली.

त्या दुकानदाराने नागव्वाचा माल पुन्हा कधीच घेतला नाही. ती आता आठवडी बाजारात स्वतः बसते. बसव्वा कोणत्याच वस्तूला आपले नाव देत नाही. दानेश्वरी वर्षभर वापरल्याशिवाय एका चमच्याबद्दलही लिहीत नाही. कमाई थोडी होते, पण वाचक परत येतात. राजशेखरने मात्र दुसरी वेबसाइट काढली. तिथे माझाच फोटो आहे आणि खाली तोच कोटिंगचा पत्रा.

मित्रांनो, कष्टाने मिळालेला विश्वास जपा. आणि डाव्या काठाला पोचा आलेल्या तव्याचा फोटो कुठे दिसला, तर तो मी आहे. त्याखालचे बटण दाबू नका.