डाग नसलेलं पोट

तपासायला चादर बाजूला केली आणि माझं डोकंच फिरलं. उखाच्या पोटावर एकही डाग नव्हता!

आमच्या कोरीट गावात कुणाचं पोट दुखलं की त्याला उखाकडे नेत. उखा चुलीत विळा लाल करायचा आणि बेंबीभोवती टेकवायचा. अर्ध्या गावाच्या पोटांवर त्याच्या विळ्याच्या खुणा आहेत. माझ्या बहिणीच्या, सरलाच्या पोटावरही होत्या. आत अपेंडिक्स सडत होतं आणि हा शहाणा वरून चटके देत होता. आईनंच तिचे पाय दाबून धरले होते. पोट फुगून सरला गेली. मी तेव्हा शाळेत होतो.

"बापले डाग दिन्हा नही का?" मी त्याच्या मुलाला, पितांबरला विचारलं.

"मी विळा तपाडा व्हता," तो म्हणाला. "पन बाबाच म्हने, माले डाग नको, नंदुरबारले डाक्टरकडे ली चाल."

वा रे वा! दुसऱ्याच्या लेकराला विळा आणि स्वतःला डॉक्टर!

मी सर्जन झालो तो याच माणसासाठी. पुण्यात शिकताना आमच्या सरांच्या हाताखाली चिरलेल्या पोटाच्या कडा हुकानं ओढून उभा राहायचो. खांदे भरून यायचे. हूक जरा ढळला की सर सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढायचे. पहिलं अपेंडिक्स काढलं तेव्हा त्यांनी पाठ थोपटली, आणि मी मनात म्हणालो, थांब उख्या, तुला दाखवतो.

आता तो माझ्याच टेबलावर होता. मारायचाच असता तर मला हातही धुवावे लागले नसते, नुसता उशीर केला असता तरी भागलं असतं. पण मला तो जिवंत हवा होता. मेलेल्याला काय ऐकवणार? कमरेत भुलीचं इंजेक्शन देऊन मी पोट उघडलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. असं निगुतीनं काढलं, की सरांनीसुद्धा नावं ठेवली नसती.

तो जरा सावरला तेव्हा काढलेला तुकडा बरणीत घालून मी त्याच्या खाटेशी गेलो.

"उखाबाबा, हाई देख. मन्ही बहीनना पोटमा हाईच व्हतं. तू वरतून विळा लावा. मरी गयी ती."

"कोन बहीन?"

"सरला. कोरीटना रूपचंद पाटीलनी पोर. तुन्हा आंगनमा आननी व्हती तिले."

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. मी वाट पाहत उभा. रडू दे, हात जोडू दे, निदान धडधडीत खोटं तरी बोलू दे.

"नही याद येत, भाऊ," तो अगदी सरळपणे म्हणाला. "इतल्या पोरी उन्यात. कोन कोन ध्यानमा ऱ्हाई?"

मग त्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "तुन्हा हातले यश शे. देव तुन्हं भलं करो."

मला हात हिसडून घ्यायचा होता. पण बोटं सवयीनं त्याच्या मनगटावर गेली. नाडी उत्तम चालली होती.