माझी माती मला द्या

“वरची माती येगळी ठेवा रं! मुरमात मिसळू नका. काम सरलं की पुन्हा हितंच पसरायची हाय ती!”

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. बोलणारे होते कडूबा, या माळाचे मालक. आणि मी एक जुनी, बंद पडलेली मुरमाची खदान आहे. छत्रपती संभाजीनगरहून कन्नडकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत, टेकडीच्या पायथ्याशी मी पडून असते. जाता-येता तुम्ही म्हणाला असाल, “बापरे, केवढा खड्डा!” खड्डा होणं माझ्या नशिबी होतंच. पण खड्डाच राहणं नव्हतं, आणि राग मला त्याचाच आहे.

काकासाहेब नावाच्या ठेकेदारानं सरकारची परवानगी काढून मला खणायला घेतलं. परवानगीत अटी होत्या. वरची काळी माती राखून ठेवायची, काठाला कुंपण घालायचं, काम संपलं की उभ्या कडा उतरत्या करायच्या, त्यावर माती पसरून झाडं लावायची. काकासाहेबांनी त्या सगळ्यांना मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

कामाचे दिवस मात्र भरभरून होते. माझा मुरूम कितीतरी रस्त्यांखाली गेला, बजाजनगरच्या कामगारांच्या घरांच्या जोत्यात गेला, शाळेच्या मैदानावर पसरला. “एक नंबर माल आहे!” असं लोक म्हणायचे आणि मला अभिमान वाटायचा. देण्याचं दुःख मला कधीच नव्हतं.

मग मुरूम संपला. यंत्रं गेली. कडूबाही देवाघरी गेले. पावसाचं पाणी माझ्या पोटात साचून राहिलं. कुंपणाची एक तारसुद्धा कुणी लावली नाही. एके दिवशी गावातल्या सुरेखाची गाभण शेळी काठावरून घसरली ती वर आलीच नाही. सुरेखा छाती पिटून रडत होती, आणि काकासाहेब म्हणाले, “शेळीला डोळे नव्हते का?” मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड असतं तर!

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण माझी राखून ठेवलेली काळी मातीही त्यांनी विकायला काढली. त्यांचा इलियास नावाचा ड्रायव्हर मोठा हायवा ट्रक घेऊन यायचा, ढिगातली माती भरायचा आणि शहरातल्या बंगल्यांच्या बागांत ओतून यायचा. माझ्या अंगावरचं पांघरूण ओढून त्यांनी दुसऱ्याच्या अंगणात अंथरलं. निम्मा ढीग असाच गेला.

चैत्रात सरकारी साहेब पाहणीला येणार, अशी बातमी आली. आदल्या दिवशी काकासाहेबांच्या माणसांनी काय करावं? कुठून तरी हिरव्यागार फांद्या तोडून आणल्या आणि माझ्या काठावर ओळीनं खोचल्या! भोवती आळी केली, वर पाणी शिंपडलं. साहेबांनी लांबूनच फोटो काढले. “झाडं जगली, तर पुढच्या खेपेला खदान बंद केल्याचा दाखला देतो, मग तुम्ही मोकळे,” म्हणाले आणि गेले.

त्या फांद्यांत एक बेलाची होती.

कडूबांच्या पत्नी सरूबाई सोमवारच्या बेलासाठी दूरच्या मळ्यापर्यंत चालत जात. त्यांनी ती फांदी पाहिली आणि तिथंच हात जोडले. “महादेवा, माझ्या दारात आलास रं!” त्यांनी नेम धरला, की रोज सकाळी या बेलाला पाणी घातल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

उन्हातान्हात ती बाई तांब्या घेऊन येई. बेलाची पानं आधी मान टाकू लागली, मग कोमेजली, मग गळली. सरूबाईंना वाटलं, आपल्याच सेवेत काही उणं आहे. त्या दोन तांबे आणू लागल्या. बुंध्याशी बसून हळूच म्हणत, “माझं काय चुकलं असंल तर पदरात घ्या.” चूक कुणाची होती हे मला ठाऊक होतं, आणि मी आतल्या आत जळत होते.

ज्येष्ठात साहेब पुन्हा येणार होते. त्या सकाळी सरूबाई आल्या, तेव्हा काकासाहेबांची माणसं वाळलेल्या फांद्या उपटून ताज्या खोचत होती. एकानं बेल उपटून फेकला. सरूबाईंनी तो उचलला. खाली मुळं नव्हतीच, कुऱ्हाडीचा घाव तेवढा होता. त्या घावावरून त्यांनी बोट फिरवलं.

“काकी, उन्हाच्या कशाला थांबता? घरी जा,” काकासाहेब म्हणाले. “दुसरा बेल लावून देतो. घाला त्याला पाणी.”

“ह्याच्यावानीच?”

“आता देव काय मुळं बघतो व्हय?”

“तुम्ही माणसांला फसवा, काकासाहेब. म्या ह्याला देव म्हणून पाणी घातलंय.” त्यांनी आवाज चढवला नाही. पदर सावरून त्या उरलेल्या मातीच्या ढिगावर जाऊन बसल्या. “साहेब येऊ द्या.”

साहेबांची गाडी आली. सरूबाईंनी वाळका बेल त्यांच्या हातात दिला. “साहेब, एक झाड उपटून बघा. मला म्हातारीला तेवढं दाखवा.”

“नाजूक रोपं आहेत, साहेब,” काकासाहेब पुढे झाले.

साहेबांनी जवळचं झाड नुसतं ओढलं. ते हातात आलं. दुसरं ओढलं, तेही आलं. “रोपं कसली, तोडलेल्या फांद्या आहेत,” साहेब म्हणाले. “काकासाहेब, कडा उतरत्या करा, कुंपण घाला, माती पसरा. तोवर दाखला विसरा.”

“पावसाळ्यानंतर बघू,” काकासाहेब पुटपुटले आणि साहेबांच्या मागोमाग निघून गेले.

पावसाळ्यानंतर! टेकडीमागं ढग जमत होते. पहिल्याच मोठ्या सरीत तो ढीग वाहून माझ्या पाण्यात बुडाला असता. मग माझ्या अंगावर गवताची काडीही कधी उगवली नसती.

इलियास रिकामा हायवा उभा करून हे सगळं बघत होता. तो खाली उतरला. “मावशी, ही माती हितलीच राखीव हाय, हे मला कुणी बोललंच नाय. कसम से.”

“तुझा काय दोष, बाबा.”

“नोमानभाईचा जेसीबी हाय घरी. माझ्या सख्ख्या भावाचा. उद्या पहाटे फजरची नमाज झाली की येतो. पावसाच्या आत पसरून देतो.”

“आन् तुझा मालक?”

“हायवा मालकाचा हाय, मावशी. मी नाय.” तो हसला. “तुम्ही पाणी प्या आता. ओठ सुकलेत.”

सरूबाईंनी तांब्याकडे पाहिलं. बेल तर राहिला नव्हता. त्यांनी ते पाणी त्या काळ्या मातीवरच ओतलं, हात जोडले आणि उरलेला घोट घेतला.

मित्रांनो, तुमच्या गावाजवळही माझ्यासारखी एखादी खदान उघडी पडली असेल. तिच्या काठावर हिरवं दिसलं तर लांबून टाळ्या वाजवू नका. जवळ जा, हळूच ओढून बघा. आणि मोठी माणसं फांद्या खोचताना दिसली, तर त्यांना सरळ विचारा, मुळं कुठं आहेत? जमिनीचं घेतलेलं जमिनीला परत देणं म्हणजे उपकार नव्हे. तो आमचा हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी अजून पुरतं फटफटलं नव्हतं. रस्त्यावरून दोन दिवे माझ्याकडे वळले. इलियासनं डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवली, गावाची झोप मोडू नये म्हणून हॉर्न वाजवला नाही, आणि उतारावरून जेसीबी हळूहळू ढिगाकडे न्यायला लागला.