खात्याचा हिरवा रंग

मनोहररावांनी सुरीनं गठ्ठ्याची सुतळी कापली आणि हिरवी लुगडी टेबलावर पसरली.

"राजधानी भोपाळला गेली, म्हणून नागपूरच्या बागांनी का मळकं राहावं?"

ते बागखात्याचे साहेब. फाटकांवरचे इंग्रजांच्या वेळचे मुकुट त्यांनी खरवडून काढले होते, पाट्या हिरव्या करून घेतल्या होत्या. तीन पळसपानांचं नवं चिन्ह बाकांवरसुद्धा उमटलं होतं. आता उरल्या होत्या खुरपणाऱ्या अकरा बाया.

प्रयागबाई रांगेत सातवी. नवरा गेला तेव्हा हिरवं सुटलं, त्याला अठरा वर्षं झाली. तेव्हापासून पांढरं. पण लुगड्यांचा हुकूम निघाल्यापासून महिनाभर ती खुरपताना एकच वाक्य घोटत होती, सासूला सांगायचं. 'सरकारी हुकूम हाये, आत्याबाई. मी का करू?' सांगताना चेहरा पडलेला हवा, हेही तिनं ठरवून ठेवलं होतं.

तिची पाळी आली. मनोहररावांनी टेबलाखालून वेगळी घडी काढली. पांढरी.

"तुझ्यासाठी खास मंजुरी आणली, प्रयागबाई. रुखमाबाई चार जणींना घेऊन मला येऊन भेटली."

"मंग! तुले का हिरवं नेसू देतो का आम्ही?" मागून रुखमाबाई म्हणाली. ती बायांची मुकादम. तिचं कुजबुजणंही कारंज्यापर्यंत ऐकू जायचं. "मले तर घास गोड लागेना वं. म्हटलं, बिचारीले लोक का म्हणतीन! हात जोड साहेबाले."

प्रयागबाईनं हात जोडले. चेहरा पडलेलाच होता; त्यासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत.

"आणि हे बघ," मनोहरराव जरा चाचरले, "उद्या फोटो आहे. सगळं एकसारखं दिसलं पाहिजे. तू तेवढा वेळ मागे, खताच्या खड्ड्याकडे राहा."

"जी."

बाहेर बाया लुगडी अंगाला लावून पाहत होत्या, एकमेकींना नव्या नवरीसारखं चिडवत होत्या. रुखमाबाईनं आपलं लुगडं प्रयागबाईपुढे धरलं.

"तू कोष्ट्याची लेक, कापड तुले कळते. रंग पक्का हाये ना? उद्या नवी पिवळी चोळी घालतो मी."

प्रयागबाईनं अंगठा जिभेला लावला आणि पदर दोन बोटांत चोळला. अंगठा हिरवागार झाला. तिनं तो क्षणभर पाहिला.

"पक्का हाये," ती म्हणाली, आणि मूठ मिटून उद्याची जागा बघायला खड्ड्याच्या वाटेला लागली.