सात दिवस पाय न टेकता

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. मित्रांनो म्हणते ते आपली एक रीत म्हणून. तुमच्यापैकी माझे मित्र किती, ते मला चांगले ठाऊक आहे. तुम्ही, नाहीतर तुमचे काका-मामा, घाटकोपरच्या मैदानावर दोरीपलीकडे शेंगदाणे खात उभे होता. मी दोरीच्या आत होते.

माझा काळा रंग, चकचकीत हँडल, कारखान्यातला जन्म, हे सगळ्याच सायकलींचे सारखे असते, म्हणून सोडून देते. घाटकोपर स्टेशनाजवळ नानांचे भाड्याच्या सायकलींचे दुकान होते. तिथे माझे चांगले दिवस गेले. कितीतरी मुले माझ्यावर शिकली, पडली, रडली आणि पुन्हा बसली. नाना रोज सकाळी माझ्या साखळीला तेल घालत आणि मला "काळे" म्हणून हाक मारत. मग एक दिवस चंद्रप्रकाश आला आणि मला विकत घेऊन गेला.

हा चंद्रप्रकाश खेळ भरवायचा. एक माणूस सात दिवस, दिवसरात्र, मैदानात सायकल फिरवणार. खाणे, पिणे, तोंड धुणे, दाढीसुद्धा सायकलीवरच. पाय जमिनीला टेकला की खेळ संपला. तंबू, कर्णा, दिव्यांच्या माळा, सगळे चंद्रप्रकाशचे होते. जीव तेवढा दुसऱ्याचा लागायचा.

तो जीव होता कुंडलिकचा. कुंडलिक विक्रोळीच्या एका कारखान्यात रोजंदारीवर माल चढवायचा. बेकरीवाला त्याला पाव विकण्याचे काम द्यायला तयार होता, पण सायकल स्वतःची हवी होती. चंद्रप्रकाशने नेमके तेच ओळखले. "सात दिवस पूर्ण कर. मेहनताना देईन, आणि ही सायकल पण तुझीच," तो म्हणाला. कुंडलिकने माझ्या सीटवरून हात फिरवला. नानांनंतर इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता. म्हणून तर मला जास्त चीड येते. त्या माणसाला फासात ओढायचे आमिष मीच होते.

कर्ण्यावर बोलायला ग्रेगरी होता, कुर्ल्याच्या गावठाणातला. आवाज खणखणीत. "बघा, बघा! फक्त दूध आणि केळी! शुद्ध मनगटाची ताकद!" असे तो दिवसभर ओरडायचा. पहिले दोन दिवस ते खरे होते. तिसऱ्या दिवशी कुंडलिकची मान हँडलवर येऊ लागली, तेव्हा चंद्रप्रकाश केळे घेऊन बाजूने धावू लागला. केळ्यात गोळी होती. ट्रकवाले झोप घालवायला घेतात, तसली.

"काय हाय ह्ये?" कुंडलिकने विचारले.

"ताकदीची गोळी. सगळेच घेतात रे, यार. पडलास तर पैसा पण नाही, सायकल पण नाही."

कुंडलिकने केळे खाल्ले. तो फसला नाही, हेही सांगते. त्याला कळत होते. पण दुसरा रस्ता त्याला कोणी ठेवलाच नव्हता.

मग एकाची दोन झाली, दोनाच्या किती झाल्या कोण जाणे. त्याचे तळवे माझ्या मुठींवर तव्यासारखे तापले. तो दात चावायचा. खांबाशी बोलायचा. आणि गर्दी? गर्दी वाढत गेली! तो ताठ बसून फिरत होता तेव्हा मूठभर माणसे होती. तो झोलकांड्या खाऊ लागला तेव्हा पाय ठेवायला जागा उरली नाही. त्याच्या शर्टाला नोटा टाचून लोक स्वतःवरच खूश होऊन परत जायचे. मित्रांनो, तुम्ही ताकद बघायला येत नव्हता. तुम्ही तो कधी पडतो ते बघायला येत होता.

कुंडलिकची बायको चंपा रोज संध्याकाळी कामावरून सुटली की भाकरी घेऊन यायची. माझ्या बाजूने चालत चालत त्याला घास द्यायची. दोघे हळू आवाजात बोलायचे. "चंपे, आता थोडंच ऱ्हायलं," असे तो म्हणायचा.

सहाव्या दिवशी ती आली तेव्हा उजेड अजून होता. तिने घास पुढे केला. कुंडलिकने तिच्याकडे बघितले आणि म्हणाला, "बाई, जरा बाजूला व्हा. माझी बायकू येतीय भाकरी घेऊन. तुमी कोन?"

चंपाचा हात तसाच राहिला. माझे चाक पुढे गेले.

पुढच्या फेरीला ती वाट अडवून उभी राहिली. "अवं, मी चंपा! उतरा खाली!" त्याने मला वळवून काढले. ती मग थेट ग्रेगरीकडे धावली आणि त्याच्या हातातला माईक ओढून ओरडली, "दूध न्हाई, गोळ्या देत्यात ह्ये लोक! माझा माणूस मला वळखत न्हाई! थांबवा कुनीतरी!"

सगळ्या मैदानाने ऐकले. कोणालाही आता कळले नाही असे म्हणता येणार नाही.

"ए बाई, हो ना बाजूला!" गर्दीतून आवाज आला. "एकच दिवस राहिलाय. आमचा मूड नको घालवू!"

लोक हसले. चंद्रप्रकाश तिला धरायला धावला. तेवढ्यात मी तिच्यासमोरून गेले, आणि चंपाने मागून माझे कॅरिअर धरले. दोन्ही हातांनी. कुंडलिक पायडल मारतच राहिला. अर्धी फेरी ती मातीतून फरफटत आली, गुडघे सोलले, पण मुठी सुटल्या नाहीत. शेवटी मी आडवी झाले. कुंडलिकचा पाय जमिनीला लागला.

गर्दीने शिव्या दिल्या. चपला फेकल्या. चंद्रप्रकाश वाकला तेव्हा मला वाटले, त्याला उठवतोय. तो शर्टाला टाचलेल्या नोटा काढून घेत होता. "बायकोने वाट लावली. आता काय मिळणार नाही," तो म्हणाला. ग्रेगरीने कर्णा बंद केला आणि कुंडलिकला खांद्यावर घेतले. "चल बाय," तो चंपाला म्हणाला, "हॉस्पिटलात नेऊया याला. हितं थांबू नको."

कुंडलिक वाचला. ग्रेगरी आपली राहिलेली मजुरी मागायला चंद्रप्रकाशकडे आला होता, तेव्हा त्यानेच सांगितले. हातांची थरथर जायला वेळ लागला, पण तो पुन्हा चंपाला चंपे म्हणू लागला. चंद्रप्रकाशने ऐकून घेतले आणि ग्रेगरीला हाकलून दिले.

आणि मग त्याने मुलुंडला तंबू ठोकला. हो, तोच तंबू, तीच मी, तीच केळी. या वेळी अनंत नावाचा तरुण होता. त्याची माणसे दूर गावी. त्यालाही थरथर सुटली, तोही खांबाशी बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अनंतने सात दिवस पूर्ण केले. बँड वाजला, हार पडला, त्याला खुर्चीत बसवले. त्याने डोळे मिटले. दमला असेल बिचारा, असे म्हणून लोक आणखी थोडा वेळ टाळ्या वाजवत राहिले. अनंत त्या खुर्चीतून उठला नाही.

आता मी कुर्ल्याच्या भंगाराच्या दुकानात आहे. चाके गेली, सीट गेली. कॅरिअर मात्र शाबूत आहे.

माझ्या जातीची आत्मवृत्ते शेवटी तेलपाणी मागतात. मला तुमचे तेल नको. मला एवढेच सांगायचे आहे, की मुलुंडला सातही दिवस हे कॅरिअर अनंतच्या पाठीमागेच होते. दोरीला टेकून उभ्या असलेल्या कोणाच्याही हाताला ते लागले असते. तुमचे हात टाळ्या वाजवण्यात गुंतले होते. पुन्हा कुठे असा माणूस फिरताना दिसला, तर टाळी वाजवू नका. कॅरिअर धरा.