लहरीनाथांचं यंत्र आणि शेवंतीआजीची परात

त्या रविवारी गच्चीवर एवढी गर्दी झाली की पाण्याच्या टाकीवरची कबुतरंसुद्धा उठून गेली. मुलुंड पूर्वेच्या प्राजक्त सोसायटीतले चारही मजले वर आले होते. ज्यांना गच्चीत जागा मिळाली नाही, ते जिन्यात टाचा उंच करून उभे. मे महिना, सकाळचे अकरा, डोक्यावर ऊन नुसतं रटरटतंय. पण हलायला कोण तयार? मधोमध सेक्रेटरींच्या घरातल्या सोफ्यावर लहरीनाथ महाराज बसले होते ना!

भगवं जाकीट, गळ्यात रुद्राक्षाची माळ, आणि माळेच्या मधोमध एक चकचकीत पेनड्राइव्ह.

“बालकांनो,” महाराज म्हणाले, “आपल्या ऋषिमुनींकडे राउटर नव्हता. का नव्हता? अरे, गरजच नव्हती! जटेतून डायरेक्ट रेंज यायची!”

“वा!” जिन्यातून कुणीतरी ओरडलं.

शेवंतीआजी टाकीच्या सावलीत स्टुलावर बसून हे ऐकत होती. वय बाहत्तर, माहेर मालवणकडचं, नवरा गिरणीतून रिटायर होऊन देवाघरी गेलेला. थापा मारण्यात तिचा हात धरणारा अख्ख्या मुलुंडात कुणी नव्हता. म्हणून तिने महाराजांना मनातल्या मनात दहापैकी चार मार्क दिले. थाप बरी होती, पण घाईत मारलेली.

भानगड अशी होती. मार्च महिन्यात खालून दोन सायकली चोरीला गेल्या, तेव्हा सोसायटीने बिनतारी कॅमेरे बसवले. त्यांच्यासाठी वाय-फायचे तीन पांढरे डबे लावले. मुख्य डबा तळमजल्यावर सेक्रेटरी श्यामकांतरावांच्या घरी, दुसरा दुसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये आणि तिसरा गच्चीच्या दाराजवळच्या कोनाड्यात. खालचा डबा मधल्याला हाक मारतो, मधला वरच्याला, आणि वरचा गच्चीतल्या कॅमेऱ्यांना. पहिला महिना झकास गेला. मग एप्रिलपासून रोज अकराच्या सुमाराला वरचे दोन्ही कॅमेरे गप्प व्हायचे, ते पाच वाजता आपोआप परत चालू. इंजिनीअर दोनदा आला, पण तो यायचा संध्याकाळी सहाला. “सगळं ओके आहे साहेब,” म्हणून जायचा.

श्यामकांतराव रिटायर झाल्यापासून मोबाइलवर कॅमेरेच बघत बसायचे. ते खंगले. आणि त्यांच्या साडूंनी लहरीनाथांचा नंबर दिला.

“मेन स्विच पाडा!” महाराज गरजले. “अकरा श्वास कुणी बोलायचं नाही!”

स्विच पडला. अकरा श्वास झाले. स्विच वर गेला. गच्चीतल्या कॅमेऱ्याचा बारकासा दिवा लाल झाला.

“बघा! देवाचा डोळा रागावलाय!”

मिनिटभर लाल लुकलुकला आणि निळा झाला.

“शांत झाला!” महाराजांनी हात वर केले. टाळ्या पडल्या, दोन बायकांनी हात जोडले. महाराजांनी कोनाड्यातल्या डब्यावर एक तांब्याची पट्टी चिकटवली. हे लहरी-यंत्र. मग डोळे मिटून म्हणाले, “पण धोका टळलेला नाही. या जागेला राखणदार आहे. आंब्याच्या झाडावरचा. बिल्डिंग बांधताना झाड पाडलं. त्याला फोटो काढलेला चालत नाही.”

शेवंतीआजी स्टुलावरून पडायचीच बाकी होती. अरे, हा राखणदार तर तिचा! बिल्डिंगमधली पोरं तिच्या वाळत घातलेल्या सांडग्या मिरच्या तुडवायची, म्हणून होळीच्या दिवसांत तिने तो स्वतः बनवला होता. झाड तिचं, फोटोची नावड तिची, राखणदार विडी ओढतो ही बारीक माहितीसुद्धा तिचीच. पोरांकडून तो सेक्रेटरींकडे आणि तिथून महाराजांकडे पोचला असणार.

“रोज अकराला एका बाईची सावली या गच्चीवर पडते,” महाराज म्हणाले. “पाचला उतरते. कोण ती?”

सगळ्यांच्या माना वळल्या. जिन्याच्या दारात लता उभी होती. सोसायटीतल्या सात घरची धुणीभांडी करणारी लता. शेवंतीआजीचे गुडघे कुरकुरतात म्हणून एप्रिलपासून रोज अकराला तिचं वाळवण वर नेणारी आणि पाचला खाली आणणारी.

“मी काय केलं?” लता म्हणाली.

“तू नाही, बाळ. तुझी सावली,” महाराज गोड आवाजात म्हणाले. “सात दिवस ही बाई वर येऊ देऊ नका. कॅमेरे चालले, तर समजा. पुढच्या रविवारी मी येतो, मग तिचं काय करायचं ते ठरवू.”

सोमवारी कॅमेरे चालले. मंगळवारी चालले. बुधवारी, गुरुवारी, एक सेकंदसुद्धा गेले नाहीत. श्यामकांतराव गेटवर येणाऱ्याजाणाऱ्याला मोबाइल दाखवत होते.

गुरुवारी लता आजीच्या ओट्याशी उभी राहून रडली. “आजी, तीन घरांनी येऊ नको सांगितलं. रविवारी बाकीची चार पण सांगतील. मी काय करू? दुसऱ्या सोसायटीत गेले तर तिथे पण हेच सांगत येतील ना?”

आजीला काही बोलता येईना. असं तिच्या आयुष्यात दुसऱ्यांदा होत होतं. पहिल्यांदा दाढ काढली तेव्हा.

ती तडक खाली गेली. “श्यामकांतराव, ऐका. तो राखणदार खोटा आहे. मी बनवला. पोरांना भिववायला.”

श्यामकांतराव हसले. “काकू, तुमचा नम्रपणा आहे हा. तुमच्या तोंडून तोच बोलला.”

“अहो, मी बोलले! डाळ भिजवता भिजवता बोलले!”

“तेच ना! तुम्हाला कळलंसुद्धा नाही. आणि पुरावा बघा की. लता वर गेली नाही, चार दिवस एक बिघाड नाही. आता बोला.”

आजी वर आली ती पदराने वारा घेत. सून श्रुतिका सोफ्यावर बसली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. सध्या सुट्टी होती.

“गो श्रुतिका, माझीच थाप माझ्याच उरावर बसली बघ. मी खरं सांगतंय तर कोण ऐकत नाही. आयुष्यभर खोटं सांगितलं, तर सगळ्यांनी कान टवकारून ऐकलं!”

श्रुतिकाला हसू आलं, पण ती लगेच गंभीर झाली. “आई, त्यांचं निम्मं बरोबर आहे.”

“तू पण?”

“ऐका तर. लता गेली नाही, बिघाड झाला नाही. हे खरं आहे. पण लताबरोबर आणखी काय काय वर गेलं नाही? ते कुणी बघितलं?”

“काय जाणार? माझ्या मिरच्या. घरात बुरशी धरतायत मेल्या.”

“मग उद्या मिरच्या जाऊ देत. लता नको.”

शुक्रवारी आजीचा मुलगा सुशांत घरून काम करत होता. अकरा वाजता आजीने त्याच्या हातात परात दिली. ही परात म्हणजे आजीच्या लग्नातली, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एवढी मोठी की आजीच्या म्हणण्याप्रमाणे एका पावसाळ्यात तिच्यात बसून तिने अख्खी खाडी ओलांडली होती.

“आई, माझी मीटिंग आहे गं!”

“मीटिंगमध्ये मिरच्या नाही वाळत. चल, उचल.”

सुशांत कुरकुरत वर गेला, साडीवर मिरच्या पसरल्या आणि खाली आला. लता आजीच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसली होती. कप अजून अर्धाच झाला होता, तेवढ्यात खालून श्यामकांतरावांची आरोळी आली.

“गेले! कॅमेरे गेले! ती वर गेली! कुणी सोडली तिला वर?”

आजी खिडकीतून ओरडली, “श्यामकांतराव, लता माझ्याकडे चहा पितेय! तुम्हाला पण टाकू का?”

खाली श्यामकांतरावांनी पुन्हा मोबाइलकडे बघितलं.

श्रुतिका उठली. “सुशांत, रिकामी परात कुठे ठेवलीस?”

“कोनाड्यात. तिथे बरोब्बर बसते ना.”

लता म्हणाली, “हो, मी पण तिथेच ठेवते. उन्हात ठेवली की चटका बसतो, आणि कबुतरं घाण करतात.”

सासूने सुनेकडे बघितलं. सुनेने सासूकडे बघितलं. आणि आजी गुडघे विसरून जिना चढायला लागली.

वर जाऊन बघतात तर काय! कोनाडा तीन बाजूंनी सिमेंटचा, आत पांढरा डबा, आणि चौथ्या बाजूला झाकणासारखी ठाण मांडून बसलेली परात.

“आई, या लहरी धातूपलीकडे धड जात नाहीत,” श्रुतिका म्हणाली. “हा डबा आत बोलतोय, पण टोपात तोंड घालून बोलल्यासारखं. ना खालच्या डब्याला ऐकू जात, ना कॅमेऱ्याला.”

“म्हणजे राखणदार माझी परात!” आजीने कपाळावर हात मारला. “आणि भोगतेय लता.”

“घाई नको. शनिवारी लता वर जाऊ दे, परात नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग कळतं कशामुळे काय होतं.”

शनिवारी लता दोन तास गच्चीवर सावली पाडून बसली. कॅमेऱ्यांनी तिचं शूटिंग केलं, तिने एकदा त्यांना हातसुद्धा हलवला.

रविवारी पुन्हा सोफा वर आला, पुन्हा गर्दी. महाराजांनी डोळे मिटले. “मला दिसतंय! शुक्रवारी राखणदार पुन्हा कोपला होता!”

“दिसायला कशाला पाहिजे? मीच फोनवर सांगितलं,” श्यामकांतराव पुटपुटले.

शेवंतीआजी उभी राहिली. “महाराज, तुमच्या यंत्राची ताकद केवढी?”

“माई, या यंत्रासमोर कुठलीही बाधा टिकत नाही.”

“बरं झालं. लता, ये गो बाय, वर ये. अशी मधे उभी राहा. श्यामकांतराव, कॅमेरा?”

“चालू आहे.”

“अख्खी लता दिसते?”

“हो… दिसते.”

“आता मी ही परात कोनाड्यात ठेवते. यंत्र आत आहे, बघून घ्या सगळ्यांनी.” परात बसली. “आता?”

श्यामकांतरावांच्या मोबाइलवर गोल गोल चक्र फिरायला लागलं. कॅमेऱ्याचा दिवा लाल झाला. गर्दीतून ‘अरे!’ असा आवाज आला.

महाराज सावध झाले. “राखणदार परातीत शिरला! मेन स्विच पाडा!”

“पाडा,” आजी म्हणाली. “पण परात हलवायची नाही.”

स्विच पडला. अकरा श्वास झाले. स्विच वर गेला. दिवा लाल. एक मिनिट झालं, लाल. तीन मिनिटं झाली, लाल. महाराजांनी मंत्र म्हटला, लाल. जाकिटाचं बटण उघडून वारा घेतला, तरी लाल.

“कुठलाही कॅमेरा बंद करून चालू केला की दिवा आधी लाल होतो,” श्रुतिका म्हणाली. “रेंज मिळाली की निळा. मागच्या रविवारी परात खाली घरात होती, म्हणून मिळाली. त्यात देवाचा डोळा कुठे आला? आई, काढा आता परात.”

आजीने परात उचलली. मिनिटभरात दिवा निळा झाला आणि मोबाइलवर लता उगवली, कमरेवर हात ठेवून.

श्रुतिकाने डब्यावरची पट्टी सोलून काढली आणि उलटून दाखवली. मागे कुठल्यातरी पत्र्याच्या डब्याची अर्धी जाहिरात होती. वरून नुसता तांबडा रंग.

“माझ्या परातीत शिरायला आधी मला विचारावं लागतं, मेल्या!” आजी महाराजांना म्हणाली. “आणि राखणदार माझा आहे. चोरायचाच होता तर विडी तरी घ्यायचीस बरोबर. ती गाळलीस, तिथेच कच्चा पडलास.”

हशा पिकला. त्या हशात महाराजांना ‘लहरी प्रतिकूल’ झाल्या आणि ते दोन-दोन पायऱ्या उतरत गेले. त्यांच्याबरोबर त्यांचं यंत्र कुणी दिलं नाही. ते सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागलं, उलट्या बाजूने.

त्याच बोर्डावर वाय-फायचा पासवर्ड चिकटवलेला होता. श्रुतिकाने तो आधी फाडला. “चोर पकडायला कॅमेरे लावले आणि किल्ली गेटवर टांगली, काका!” पासवर्ड बदलला. डबा कोनाड्यातून काढून मोकळ्या भिंतीवर उंच लावला, जिन्यातून मधल्या डब्याला सरळ दिसेल असा. मग तिने समजावलं, की वाय-फायच्या दोन वाटा असतात. पाच गिगाहर्ट्झची धावते जोरात, पण दोन भिंती आल्या की दमते. दोन पॉइंट चारची सावकाश, पण लांब जाते. कॅमेऱ्यांना घाई नसते, त्यांना दुसरीवर ठेवायचं.

“आमच्या गावच्या बैलगाडीसारखी,” आजी म्हणाली. “हळू, पण चिखलातून जाते.”

शेवटी श्रुतिकाने चॅनेलची, म्हणजे लहरींच्या पट्ट्याची, निवड ‘ऑटो’वरून काढली. आजूबाजूच्या बिल्डिंगांच्या वाय-फायच्या गर्दीत तो सारख्या उड्या मारत होता. मोकळा बघून एकावर पक्का बसवला. अर्ध्या तासाचं काम, त्यात नारळ कुठेच लागला नाही.

श्यामकांतराव खाली मान घालून लतासमोर आले. “लताबाई, चुकलं माझं.”

“मला एकटीला गच्चीत नका सांगू, साहेब,” लता म्हणाली. “त्या तीन घरांत सांगा. बाईची सावली बाधते म्हणून सगळ्यांना सांगितलंत ना? तसंच.”

ते गेले. तिन्ही दारं वाजवली. शेवंतीआजी मुद्दाम मागे मागे जिना चढत होती, प्रत्येक दारी नीट बोलतात की नाही बघायला. कारण थोडं तिचंही देणं होतं. तिसऱ्या दाराशी ती स्वतःच बोलली, “बायांनो, ‘ती आली आणि बिघडलं’ एवढ्यावर कुणाचं पोट मारू नका. ती आली तेव्हा आणखी काय आलं, ते बघा. एक गोष्ट काढा, दुसरी ठेवा, आणि डोळ्यांनी तपासा. तपासायला दोन दिवस लागतात. माणूस घालवायला एक रविवार पुरतो.”

संध्याकाळी पोरं गच्चीवर जमली. “आजी, राखणदाराची गोष्ट सांग ना! तो आता कुठे गेला?”

आजीने मिरच्या परातीत गोळा केल्या. लता दुसरी बाजू धरायला पुढे आली.

“सांगते. पण आधी म्हणा, ही गोष्ट आहे.”

“ही गोष्ट आहे!”

“बातमी नाही.”

“बातमी नाही!”

“हां. तर त्या राखणदाराची विडी संपली आणि तो माझ्या परातीत बसून खाडीपलीकडे निघाला…”

“आजी,” लता म्हणाली, “परातीत मिरच्या आहेत.”

“म्हणूनच तर बोंबलत गेला गो!”