मागचा भाग आधी

"कशी वाटली?" चपला काढता काढता मी विचारलं.

"छान आहे," ताई म्हणाली.

मी दारातच थबकले. ताईला एखादी कादंबरी छान वाटल्याचं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

ताई शिवणकाम करायची. जाडजूड कादंबरी आणली की ती कात्रीने तिची पाठ उसवून दोन भाग करायची आणि दोन्हींना अस्तराच्या कापडाचं कव्हर शिवायची. पुढचा, म्हणजे सुरुवातीचा भाग आधी ती वाचणार, तो संपला की माझ्याकडे येणार, आणि ती मागचा घेणार. मग दोघींचं वाचन एकदमच चालायचं आणि भांडणही. जुने लेखक शेवटी दमतात आणि सगळ्यांना तापाने मारून मोकळे होतात, असं तिचं म्हणणं. "तू नर्स ना? असला सोयीचा ताप बघितलायस कधी?" नव्या कादंबऱ्यांची तर खैर नसायची. "यातली माणसं दिवसभर खिडकीशी उभी. यांची भांडी घासतं कोण?" मी नव्यांची बाजू घ्यायचे, निम्म्या वेळा निव्वळ तिला चिडवायला. वॉर्डात दिवसभर सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर कुणाशी तरी तावातावाने भांडायला मिळायचं, त्यावर माझा आठवडा निघायचा.

हल्ली तिचे हात थरथरतात, म्हणून उसवायचं काम माझ्याकडे आलंय. मागच्या खेपेला डबल ड्यूटी करून आले होते. झोपेच्या तारेत तिच्या हातात या नव्या कादंबरीचा मागचाच भाग ठेवून गेले. घरी पिशवीत पुढचा सापडला तेव्हा कपाळावर हात मारला. आता ताई माझी आणि लेखकाची एकदमच खरडपट्टी काढणार, म्हणून आज अंग मोडून आलेलं असूनही जरा खुशीतच आले होते.

"ताई, अगं हा मागचा भाग. काही कळलं तरी का?"

"कळलं की. एक बाई आहे. तिचं घर जातं."

"पण ती कोण, कुठली?"

"असेल कुणीतरी." तिने कव्हरवरून हात फिरवला. "छान लिहिलंय."

तिची सून पाणी घेऊन आली. "मावशी, आई किती शांत झाल्यात ना? कशालाच नावं ठेवत नाहीत आता. माझ्या स्वयंपाकालासुद्धा."

"हो, बरं झालं," मी म्हणाले. साफ खोटं बोलले. मला माझी भांडखोर ताई परत हवी होती.

सून आत गेल्यावर मी पुस्तक ओढून घेतलं आणि मधलंच पान मोठ्याने वाचू लागले. नायक गच्चीत चंद्राकडे बघत होता. पान उलटलं तरी बघतच होता.

"काय हे?" मी तिच्याच थाटात म्हणाले. "याला सकाळी कामावर जायचं नाही? घरचे जेवायला थांबलेत की नाहीत? कुणी छापलं हे?"

मी थांबले. 'एरवी नव्यांची वकिली करतेस ना, आता काय झालं?' एवढं जरी ती म्हणाली असती तरी मला पुरलं असतं.

ताईने माझ्या हातावर हात ठेवला.

"असू दे गं," ती म्हणाली. "कष्टाने लिहिलंय बिचाऱ्याने."

मी डोळे पुसले आणि पुढे वाचू लागले. त्याचा चंद्र अजून संपायचा होता.