वरचा खिसा

गाडी चालू होत नव्हती, आणि ती का होत नाही हे घरात एकाच माणसाला ठाऊक होतं. ते माणूस बॉनेटपाशी गुमान उभं राहून बापाला हवा तो पाना पुढे करत होतं.

बापाला सगळे ब्रेकमास्तर म्हणायचे. उभी हयात ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून त्यांनी लोकांच्या नावानं "ब्रेक! ब्रेक!" असा ठणाणा केला होता.

"लाइट लख्ख लागतायत, म्हणजे बॅटरी धडधाकट," मास्तर म्हणाले. "स्टार्टरही फिरतोय. अगदी तुझ्या मामासारखी गत. आवाज मोठा, काम शून्य."

लेक हसली. हात मात्र खिशावर गेला. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा रिले, काडेपेटीपेक्षा लहान असा काळा ठोकळा, तिच्या खिशात रुमालात गुंडाळलेला होता. तो काढला की पंपाला वीज मिळत नाही आणि इंजिन नुसतं कण्हत राहतं. हे तिला शिकवलं कुणी? मास्तरांनीच. परक्या ठिकाणी गाडी लावली की ते रिले काढून शर्टाच्या वरच्या खिशात टाकायचे. "आता चोराचा बाप आला तरी गाडी हलत नाही," असं म्हणून तिच्याकडे बघून डोळे मिचकावायचे.

झालं होतं असं, की गेल्या आठवड्यात गाडी मागे घेताना चाकाखाली काहीतरी चिरडलं. "काय आलं गं?" मास्तरांनी विचारलं. तिनं उतरून पाहिलं, तर शेजारच्या पोराची तीनचाकी सायकल होती. पोर बाजूच्या पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होतं. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, मास्तरांना ना सायकल दिसली होती ना पोर.

"रिकामा खोका होता, बाबा," ती म्हणाली होती.

तुमचे डोळे गेलेत, एवढे तीन शब्द तोंडावर बोलायची छाती झाली नाही, म्हणून तिनं बॉनेटखाली हात घालून रिले काढला. म्हातारा वैतागेल, भंगारात काढू म्हणेल, आपण मान डोलवू. बापाच्या मायेपोटी केलं, असं ती स्वतःला बजावत होती. कसली माया! माया असती तर भांडली असती. हा शुद्ध पळपुटेपणा होता, आणि मायेचं पांघरूण घातलं तरी पळपुटेपणाला घाम फुटतोच. तिचा रुमाल ओला झाला होता.

शेवटी मास्तरांनी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला हाक मारली. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. मागच्या सीटखाली पंप असतो, तिथं त्यानं कान लावला.

"फिरवा किल्ली. पंपाचा आवाजच नाही, मास्तर." त्यानं फ्यूजचा डबा उघडला आणि खदाखदा हसला. "अहो, रिले तुम्हीच काढलाय की! आम्हाला शिकवलेली युक्ती. आणा तो वरच्या खिशातून."

मास्तरांनी खिशावर हात मारला. खिसा रिकामा.

"माझ्याकडे जुना पडलाय, आणतो," म्हणत गॅरेजवाला गेला. मास्तर मात्र जिन्याकडे वळले. खोलीत त्यांनी कपाटातले सगळे शर्ट पलंगावर ओतले आणि एकेक खिसा उलटा करू लागले. धुतलेले, मळलेले, कित्येक वर्षांत अंगाला न लागलेले. लेक दारात उभी होती.

"मीच काढला असणार. दुसरं कोण हात लावतंय त्या गाडीला?" ते खाली बसले. "पण आठवत नाहीये गं. माझ्या आईचं असंच सुरू झालं. आधी चाव्या विसरायची, मग रस्ते, मग आम्हाला."

"बाबा..."

"घे." त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. "विकून टाक. असल्या डोक्यानं गाडी चालवणं म्हणजे खून आहे."

तिला जे हवं होतं ते आयतं मुठीत आलं. आता नुसतं गप्प बसायचं. ती बसलीही. क्षणभरच, पण बसली.

"आज बुधवार," मास्तर म्हणाले आणि परीक्षेला आलेल्या पोरासारखं तिच्या तोंडाकडे बघू लागले. "बरोबर आहे ना गं? बुधवारच ना?"

तिनं रुमाल सोडून रिले पलंगावर ठेवला.

"मी काढला. तुम्ही काहीच विसरला नाहीत. आणि तो खोका नव्हता, बाबा. पोराची सायकल होती. तुम्हाला दिसली नाही."

मास्तरांनी रिले उचलला, चाचपला. "म्हणजे डोकं शाबूत आहे!" ते चक्क हसले. मग हसू उतरलं. "पोर होतं का सायकलवर?"

"नव्हतं. शेजारी होतं."

मास्तर रिले बोटांत फिरवत राहिले.

"त्याच दिवशी सांगितलं असतंस तर शिव्या घातल्या असत्या मी तुला. अबोला धरला असता. आणि मग दिली असती किल्ली." ते उठले. "मी शर्ट उलटे करत होतो तेव्हा तू दारात होतीस."

"हो."

"बघत होतीस."



तिच्या हातातली किल्ली घेऊन ते खाली गेले. ती मागोमाग गेली. त्यांची बोटं डब्यात दोनदा चुकली, तिसऱ्यांदा रिले बसला. पंप गुणगुणला, इंजिन सुरू झालं. ते थोडा वेळ ऐकत बसले आणि त्यांनी गाडी बंद केली. तेवढ्यात गॅरेजवाला जुना रिले घेऊन आला.

"सापडला वाटतं! कुठे होता, मास्तर?"

"वरच्याच खिशात," मास्तर म्हणाले. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले, जाड चष्मा आला. तिच्याशी बोलतात, मामावरचे विनोदही करतात. पण घरात चष्मा, छत्री, काही सापडेनासं झालं की ते शोधत बसत नाहीत. सरळ तिच्यासमोर येतात आणि न रागावता हात पुढे करतात.

"तू घेतलंस का?"

"नाही, बाबा," ती म्हणते. खरंच घेतलेलं नसतं. तरी ते क्षणभर तिच्या खिशाकडे बघतात, आणि ती खिसा उलटा करून दाखवते.